रोहूच्या कानातला खडा : पंधरा टबांच्या नोंदी

१० जुलै २०२४, बुधवार

जिरे, म्हणजे माशाची नुकती जन्मलेली पिल्लं, आणले. रोहूचे, तीन दिवसांचे, जेमतेम सहा मिलिमीटर. ऑक्सिजनच्या पिशवीत पाणी नुसतं थरथरतंय असं वाटतं, नीट पाहिलं की कळतं ते मासे आहेत. रत्नागिरीपर्यंत पिशवी मांडीवर घेऊन आले, कारण गाडीच्या डिकीत ठेवली की गरम होते, हे गेल्या वर्षी एका सिनियरने जिरे मारून शिकवलं होतं.

केंद्रावर आज मत्स्यशेतकरी दिनाचा कार्यक्रम होता, म्हणून चहाबरोबर बटाटेवडाही मिळाला. १० जुलै १९५७ ला हिरालाल चौधरींनी ओडिशात पिट्युटरी ग्रंथीच्या अर्काचं इंजेक्शन देऊन कार्प माशांचं प्रजनन करून दाखवलं, त्याची ही आठवण. एरवी रोहू साचलेल्या पाण्यात अंडी घालत नाही, त्याला पुराचं वाहतं पाणी लागतं. म्हणजे माझ्या मांडीवरचे हे जिरे मुळातच हार्मोनच्या इंजेक्शनचे. आता त्यांच्या हार्मोनमध्ये मी पुन्हा लुडबूड करणार.

माझा प्रश्न: थायरॉइडचं हार्मोन अडवलं, तर पिल्लाच्या कानातल्या खड्याची वाढ थांबते का? थांबत असेल, तर ती हार्मोन नाही म्हणून, की मासा खात नाही म्हणून?

११ जुलै

रात्रीत थोडे मेले, प्रवासातले. बाकी पोहताहेत. उकडलेल्या अंड्याचा पिवळा बलक मलमलीतून गाळून दिला. दोघा-तिघांच्या पोटात पिवळा ठिपका दिसला, म्हणजे तोंड उघडलं आहे आणि खायला लागले आहेत.

मोरेकाका (आमचे लॅब असिस्टंट) विचारत होते की एवढ्याशा माशाच्या कानात हाड कुठलं. हाड नाहीच ते. हाडात पेशी असतात, रक्तवाहिन्या असतात, शरीराला गरज पडली की हाडातलं कॅल्शियम काढूनही घेता येतं. कानातला खडा म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट आणि थोडं प्रथिन. आतल्या कानाच्या पिशवीतल्या द्रवात तो थरावर थर चढत वाढतो, आणि एकदा चढलेला थर मासा सहसा परत घेत नाही. काकांना म्हटलं, काका, पासबुक आहे ते, नुसत्या जमेच्या नोंदी. ते म्हणाले, असं खातं मला पण उघडून दे.

१३ जुलै

आज लाल पाण्याचा दिवस. सगळे जिरे एकत्र असतानाच अलिझरिनच्या पाण्यात चोवीस तास ठेवायचे. अलिझरिन कॅल्शियमला चिकटतं, त्यामुळे आज खड्यावर जो थर चढेल तो रंगेल, आणि पुढे सूक्ष्मदर्शकाखाली हिरव्या प्रकाशात तेवढंच कडं केशरी-लाल चमकेल. त्या कड्यापासून काठापर्यंतच्या रेघा मोजायच्या. दिवस तेवढ्या रेघा भरल्या, तर रोहूच्या या वयात 'रोज एक रेघ' हे आपल्या टबांपुरतं तरी खरं.

रोजच्या रेघेची गोष्ट जॉर्जिओ पानेला यांनी १९७१ साली मांडली. मोठ्या माशाचं वय खड्यातल्या वार्षिक कड्यांवरून काढणं त्याआधीपासून चालू होतं. पानेलांना दोन वार्षिक कड्यांच्या मध्ये ३६० च्या आसपास बारीक थर सापडले. तेव्हापासून पिल्लाचं वय दिवसांत सांगता येऊ लागलं: कधी जन्मलं, कुठल्या आठवड्यात जोमाने वाढलं, कधी उपाशी राहिलं. मत्स्यसाठ्यांचे बरेच हिशेब या रेघांवर उभे आहेत. म्हणून ती रेघ कोण ओढतं हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

अलिझरिनने पाणी आंबट होतं. पीएच बघत थेंबथेंब कॉस्टिक सोडा घालून सातच्या वर आणलं. हात, नखं, ओट्याची फरशी, सगळं लाल. मॅडम आत येऊन म्हणाल्या, "मेंदी काढलीस की काय?"

१४ जुलै

वाटणी झाली. पाच गट, प्रत्येकी तीन टब. वहीत लांब नावं आहेत, बोलताना ही:

साधा. थायो, म्हणजे लिटरला ३० मिलिग्रॅम थायोयुरिया. थायो-टी, म्हणजे थायोयुरिया घालून वर थायरॉक्सिन, म्हणजे थायरॉइडचं हार्मोन. टी, म्हणजे नुसतं थायरॉक्सिन, लिटरला ०.०५ मिलिग्रॅम. आणि उपाशी.

थायोयुरिया माशाच्या थायरॉइडला आयोडीन वापरून हार्मोन बनवू देत नाही. माशात थायरॉइडची आपल्यासारखी एक गाठ नसते. घशाखालच्या मोठ्या रक्तवाहिनीभोवती दाणे विखुरलेले असतात, त्यामुळे कापून काढायची सोयच नाही, रसायनानेच अडवावं लागतं. थायो-टी गट हा खरा साक्षीदार. थायोयुरिया हे विषच आहे, तेव्हा "मासे विषाने खुरटले" असं कुणीही म्हणेल. पण त्याच विषात बाहेरून हार्मोन दिल्यावर खडा पुन्हा वाढला, तर तो आक्षेप बराचसा पडतो.

थायरॉक्सिन साध्या पाण्यात विरघळत नाही, थोड्या कॉस्टिक सोड्यात विरघळवून घ्यावं लागतं. म्हणून बाकीच्या टबांतही तेवढाच सोडा घातला, नाहीतर उद्या कुणी म्हणायचं की फरक सोड्याचा होता. आई गेली आठ वर्षं रोज पहाटे चहाच्या आधी हेच औषध घेते. तिला फोनवर सांगितलं तर म्हणाली, "माझ्या गोळ्या माशांना? मग त्यांना पण अर्धा तास चहा देऊ नकोस."

'उपाशी' गट मॅडमनी घालायला लावला. मला आधी तो अवांतर वाटला होता. थायोयुरियातले मासे सुस्त होतात, कमी खातात. मग खडा लहान राहिला तर दोष कुणाचा? म्हणून एका गटाला औषध काहीच नाही, फक्त खाणं निम्मं. ढोबळ आहे, कारण थायो गट नेमकं किती खातो हे या आकाराच्या पिल्लांत मोजणं मला जमलेलं नाही. टबाच्या तळाशी उरलेलं पाहून अंदाज बांधायचा.

पाणी सगळ्या टबांना एकाच टाकीतलं. खड्यातलं बरंचसं कॅल्शियम पाण्यातूनच येतं, कल्ल्यांतून. आमच्या जांभ्यातल्या विहिरीचं पाणी हलकं, त्यात पावसाळा. एका टबाला विहिरीचं आणि दुसऱ्याला टँकरचं दिलं, तर प्रयोग हार्मोनचा न राहता टँकरचा व्हायचा.

१७ जुलै, आषाढी एकादशी

कॉलेजला सुट्टी, टबांना नाही. एकतृतीयांश पाणी बदललं आणि औषधांचं प्रमाण परत भरलं. थायोयुरियाचं पाणी गटारात जात नाही, वेगळ्या कॅनमध्ये भरून ठेवायचं. कॅन भरत चालले आहेत आणि ते कुणी न्यायचे याचं उत्तर कुणाकडे नाही.

साबुदाण्याची खिचडी लॅबबाहेरच्या पायरीवर खाल्ली. उपवास माझा आणि 'उपाशी' गटाचा.

अजून कुठल्याच गटात डोळ्यांना फरक दिसत नाही. तो एवढ्यात दिसणारही नाही. अंड्यातल्या बलकात आईचं हार्मोन येतं, पिल्लू सुरुवातीला त्या शिदोरीवर असतं. थायोयुरिया नवं हार्मोन अडवतं, आईने दिलेलं काढून घेऊ शकत नाही.

२१ जुलै

आज अंडं बंद, शेंगदाण्याची पेंड आणि भाताचा कोंडा निम्मा-निम्मा, वस्त्रगाळ करून.

थायो टबातली पिल्लं आता ओळखू येतात. आखूड आहेत, हालचाल मंद. टी टबातली साध्यापेक्षा मोठी झाली असतील असं मला वाटलं होतं, तसं दिसत नाही. त्यातल्या दोघांची शेपटी थोडी वाकडी आहे. हार्मोन जास्त दिलं की वाढ जास्त, असा सरळ हिशेब नाही. १९१२ मध्ये गुडरनाच यांनी बेडकाच्या पिल्लांना घोड्याची थायरॉइड ग्रंथी खाऊ घातली. ती वाढून मोठी झाली नाहीत, त्यांचे वेळेआधी चिमुकले बेडूक झाले. थायरॉइड मोठं करण्यापेक्षा पुढच्या अवस्थेत ढकलतं. लेपीचंही तसंच. जन्मताना तिचे डोळे इतर माशांसारखे दोन बाजूंना असतात, मग एक डोळा सरकत दुसऱ्याच्या शेजारी जातो आणि ती वाळूवर आडवी पडते. या जातकुळीतल्या जपानी माशावर १९८५ च्या सुमारास प्रयोग झाले: हार्मोन दिलं की हा बदल लवकर, थायोयुरिया दिलं की पिल्लं वाढतात पण पिल्लंच राहतात.

२४ जुलै

पहिला नमुना. प्रत्येक टबातून चार. लवंगेच्या तेलाच्या जादा मात्रेत झोपवून, लांबी मोजून, बाटल्यांत. दहा दिवस झाले. घरी जायला रात्रीचे दहा.

२५ जुलै

पहाटे तीनला वीज गेली. वारा, पाऊस, कुठेतरी फांदी पडली असणार. इन्व्हर्टरने दोन तास काढले आणि मग तोही गेला. मी साडेसहाला पोचले तेव्हा पाण्यात हवा सोडणारे एअरस्टोन गप्प होते. थायो-टी चा दोन नंबर आणि उपाशीचा एक नंबर, दोन्ही टब पूर्ण गेले. पांढरी पोटं वर. बाकीच्यांत मोरेकाका मगने पाणी उचलून उंचावरून ओतत होते. ते पाचलाच येऊन बसले होते, मला फोन केला नाही. "तू येऊन काय वीज आणणार होतीस?"

म्हणजे दोन गटांत आता दोनच टब. अहवालात तसं लिहायचं.

२८ जुलै

हे लिहायची लाज वाटते, पण नोंदवही आहे.

२४ तारखेचे नमुने काढले. डोकं कापून काचपट्टीवर ठेवायचं, खाली एक आणि वर एक पोलराइज्ड फिल्म, वरची फिरवत न्यायची. सगळं काळं होतं आणि त्या काळोखात फक्त खडे चमकतात, एका डोक्यात दोन-दोन चांदण्यांच्या जोड्या. एवढ्या बारीक खड्यांना शोधायची ही युक्ती. आज वरची फिल्म फिरवली आणि काळोखच राहिला. दुसरं डोकं, काळोख. पाचवं, सहावं, तेच.

मग बाटली हुंगली. फॉर्मालिन. शेल्फवर अल्कोहोल संपलं होतं आणि रात्री घाईत मी शेजारची बाटली उचलली होती. फॉर्मालिन ठेवून ठेवून आम्लधर्मी होतं, आणि कॅल्शियम कार्बोनेटवर आम्ल म्हणजे शहाबादी फरशीवर लिंबू. मासे उत्तम टिकले आहेत, फक्त मला हवं होतं तेच विरघळून गेलं. साध्या गटाच्या बारा पिल्लांना शेवटचं उरलेलं अल्कोहोल मिळालं होतं, तेवढी वाचली. दहाव्या दिवसाची तुलना गेली.

मॅडम रागावल्या नाहीत. फॉर्मालिनची बाटली उचलून दुसऱ्या खोलीत ठेवली आणि किल्ली स्वतःच्या पर्समध्ये टाकली.

३ ऑगस्ट

वीस दिवस पूर्ण. शेवटचा नमुना. या वेळी अल्कोहोल, ९५ टक्के, झाकणावर तारीख, आणि मोरेकाकांकडून दोनदा हुंगवून घेतलं.

लांबी, सरासरी: साधा १४.१ मिलिमीटर, टी १३.८, थायो-टी १३.२, उपाशी १०.४, थायो १०.२.

उपाशी आणि थायो जवळजवळ एका मापाचे निघाले. मला एवढंच हवं होतं. शरीर सारखंच आखूड, कारणं वेगळी. आता दोघांचे खडे शेजारी ठेवायचे.

६ ते १३ ऑगस्ट

आठवडाभर एकच काम, म्हणून नोंद एकच.

कार्प जातीच्या माशात कानातल्या खड्यांच्या तीन जोड्यांपैकी लॅपिलस नावाची घेतात. इतर बऱ्याच माशांत सॅजिटा मोठी आणि सोयीची असते, पण रोहूच्या घराण्यात ती सुईसारखी लांबट होते आणि हात लावला की मोडते. तिसरी जोडी उशिरा उगवते, तिला जन्माचे पहिले दिवस माहीतच नसतात. लॅपिलस गोलसर, तांदळाच्या कणीसारखा, आणि सुरुवातीपासून हजर.

इन्सुलिनच्या दोन सुयांनी कवटी वरून उघडायची. चमकणारा ठिपका सुईच्या टोकाने मऊ भागातून सोडवायचा. ओल्या ब्रशच्या एका केसावर उचलून पारदर्शक नेलपॉलिशच्या थेंबात बसवायचा. सुकल्यावर लॅपिंग फिल्मवर (अगदी बारीक पॉलिश कागदासारखी), बोटाच्या अगदी हलक्या दाबाने, इंग्रजी आठच्या आकारात फिरवायचं. चार फेरे, पाहायचं. चार फेरे, पाहायचं. पाचवा फेरा जास्त झाला तर मधलं केंद्र पुसून जातं आणि खडा फुकट. पहिल्या दिवशी नऊपैकी पाच फुकट गेले. आठवड्याच्या शेवटी दहापैकी एक.

रेघ म्हणजे प्रत्यक्षात पट्ट्यांची जोडी: एक उजळ, कॅल्शियमची, आणि एक गडद, प्रथिन जास्त असलेली. कानातल्या द्रवाची घडण चोवीस तासांत खालीवर होते आणि तिचा ठसा उठतो. चांगला घासलेला खडा दिसला की पाट्यावरचं काम विसरायला होतं. झाड कापल्यावर बुंध्यात दिसावीत तशी कडी, फक्त सगळा बुंधा केसाच्या दोन-तीन जाडीएवढा.

काचपट्ट्यांवरची नावं काकांनी कागद चिकटवून झाकली आणि स्वतःच्या मनाने आकडे घातले. कुठला गट हे कळलं की डोळा हव्या तेवढ्या रेघा मोजतो. प्रत्येक खडा तीन वेळा, वेगवेगळ्या दिवशी.

१४ ऑगस्ट

कागद काढले. प्रत्येक गटाचे दहा चांगले खडे.

साधा: लाल कड्यापासून काठापर्यंत १९ ते २१ रेघा, दिवस वीस. रोज एक रेघ, ठीक. चढलेला भाग सरासरी ४६ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), म्हणजे दिवसाला सव्वादोन-अडीच.

टी: साध्यासारखाच.

थायो-टी: ३९ मायक्रॉन, रेघा १८ ते २०.

उपाशी: ३० मायक्रॉन, रेघा १७ ते १९, अरुंद पण वाचता येणाऱ्या.

थायो: १७ मायक्रॉन. रेघा ११ ते १४.

थायोच्या खड्यात पहिल्या सहा-सात रेघा व्यवस्थित आहेत, आईची शिदोरी बहुतेक तेवढी पुरली. नंतर त्या एकमेकींत शिरत जातात आणि काठाजवळ नुसता राखाडी पट्टा.

उपाशी आणि थायो सारख्याच लांबीचे, पण उपाश्याचा खडा बराच मोठा. हे तसं जुन्या माहितीशी जुळतं. खाणं कमी झालं की शरीर आधी थांबतं, खडा मात्र हळूहळू चढत राहतो, म्हणून खुरटलेल्या माशाचा खडा अंगाच्या मानाने मोठा दिसतो. थायो गटात उलट झालं, शरीराबरोबर खडाही बसला. निदान या सत्तावीस दिवसांच्या रोहूत, या पाण्यात, भूक आणि हार्मोन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत असं म्हणायला मला आता भीती वाटत नाही. हार्मोन पिशवीच्या पेशींवर थेट काम करतं की सगळा चयापचय मंदावून आडून, हे या टबांतून कळणार नाही.

मॅडमनी मात्र दुसऱ्याच आकड्यावर बोट ठेवलं. "अकरा ते चौदा. मासा वीस दिवस जगला ना? मग सहा-नऊ दिवस कुठे गेले?"

१९ ऑगस्ट, नारळी पौर्णिमा

सकाळी बाजारात ढोमा घेतला. मासेमारीवरची पावसाळी बंदी ३१ जुलैला उठली, पण समुद्र आत्ता कुठे निवळतोय. कापणाऱ्या मावशींना डोक्यातले खडे वेगळे द्यायला सांगितले. "हे खडे माझ्याकडे कधीच कोण मागत नाय." दोन पांढरे, जाड, नखाएवढे. ढोम्याच्या घराण्यात हे खडे नेहमीच दांडगे असतात. हातात घेऊन बरं वाटलं. सव्वा महिना ज्याच्यामागे आहे ती वस्तू निदान एकदा सूक्ष्मदर्शकाशिवाय दिसली.

मॅडमच्या प्रश्नाची दोन उत्तरं असू शकतात. एक, त्या दिवसांत रेघ पडलीच नाही. दोन, पडली, पण अर्ध्या मायक्रॉनची, आणि प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाला तेवढं बारीक वेगळं करता येत नाही. पहिलं खरं असेल तर घड्याळच बंद पडलं. दुसरं खरं असेल तर घड्याळ चालू आहे आणि मी आंधळी. खाडीतून पकडलेल्या पिल्लाचं वय काढणाऱ्याला दोन्हींत फटका एकच, खुरटलेला मासा तो तरुण समजणार. पण मला फरक पडतो.

इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकच हवा. मुंबईतल्या एका संस्थेकडे अर्ज केला.

२८ ऑगस्ट

मुंबई. पहाटेच्या गाडीने, डबीत कापसावर चार खडे. दोन तासांची वेळ मिळाली होती. त्यातला पाऊण तास त्यांचा पंप रुसला होता.

खड्याचा पृष्ठभाग आधी ईडीटीएमध्ये (कॅल्शियम ओढून घेणारं रसायन) किंचित खाऊ द्यावा लागतो, म्हणजे पट्टे उंच-सखल होऊन वेगळे दिसतात. उपाश्याचा एक नेला होता तुलनेला, तो सुंदर आला. थायोचा पहिला लावताना मोडला. दुसरा ईडीटीएमध्ये जास्त वेळ राहिला होता, पडद्यावर चाळण दिसली.

तिसरा आला. सातव्या रेघेनंतरचा तो राखाडी पट्टा पडद्यावर उघडला आणि त्यात रेघा होत्या. अर्धा मायक्रॉन, काही त्याहूनही कमी, पण एकामागून एक. सोळा, सतरापर्यंत मोजता आल्या. तिथून काठापर्यंत गुळगुळीत, काही नाही. ऑपरेटरने तीन कोनांतून दाखवलं, काही नाही. म्हणजे दोन्ही उत्तरं थोडी-थोडी खरी: बऱ्याच रेघा माझ्या सूक्ष्मदर्शकाने गिळल्या होत्या, आणि शेवटच्या तीन दिवसांत बहुधा खड्यावर काही चढलंच नाही. एका खड्यावरून एवढंच. काठ घासताना गेला असण्याचीही शक्यता आहे, पण पट्टीवर लाल कड्यापासूनचं अंतर आधीच्या मापाशी जुळतंय.

३० ऑगस्ट

थायोचे सहा खडे अजून शिल्लक. ईडीटीएची वेळ निम्म्यावर आणायची, आधी साध्या गटाच्या दोन खड्यांवर करून बघायची. थायो-टी चे दोन बरोबर न्यायचे, ते मागच्या खेपेला राहिले.

संस्थेचा फोन आला. पुढची मोकळी वेळ १२ सप्टेंबर, सकाळी अकरा. हो म्हटलं आणि मग कॅलेंडर पाहिलं. गौरी-विसर्जन. आईला अजून सांगितलेलं नाही.